चार दिवसांचं दूध

"चारच दिवस पाजते? आणि मग?" विडी वळता वळता अक्कांनी विचारलं. मी मोबाइलवर हूडेड सील या समुद्री सस्तन प्राण्याचा व्हिडिओ दाखवत होते.

उत्तर अटलांटिकच्या बर्फावर पिल्लू जन्मतं. आईचं दूध म्हणजे जवळजवळ लोणीच, 60 टक्के स्निग्धांश. चार दिवसांत वजन दुप्पट, की आई निघाली! सस्तन प्राण्यांत एवढं कमी दिवस कुणीच पाजत नाही. खालचा बर्फ कधी फुटेल, भरवसा नसतो ना.

अक्का म्हणाल्या, "पाचव्या दिवशी माझ्या मांडीवर विड्यांचं सूप होतं की. मजुरी हजार विड्यांवर, बाळंतपणावर थोडीच?"

सीलच्या पिल्लाला निदान पुढचे काही आठवडे अंगातली चरबी पुरते. सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायांच्या बाळांचं काय?