बर्लिनमध्ये साप बघायचे असतील तर

सातारा जिल्ह्यात बारा वर्षे साप पकडतोय, म्हणजे लोकांच्या घरातून काढून रानात सोडतोय. पण या बारा वर्षांत एखादा साप मी निवांत दहा मिनिटे बघितला असेल तर शपथ. फोन येतो, गाडीला किक मारायची, पन्नास माणसांच्या गराड्यात साप बरणीत घ्यायचा, ‘भाऊ, फोटो काढू द्या’ म्हणणाऱ्यांना मागे सारायचे आणि निघायचे. त्यामुळे फेब्रुवारीत ताईकडे बर्लिनला गेलो तेव्हा राजवाडे-संग्रहालये तिच्या यादीत होती. माझ्या यादीत दोनच नावे होती: झूचे मत्स्यालय आणि टियरपार्क हे दुसरे प्राणिसंग्रहालय. ताई म्हणाली, “एवढा लांब आलास ते सापच बघायला?” भाचा मात्र लगेच तयार.

मत्स्यालय शहराच्या ऐन मध्यात, झूलोगिशर गार्टन स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. दाराशी इग्वानोडॉन या डायनासोरचा मोठा पुतळा आहे, चुकायचा प्रश्न नाही. इमारत १९१३ची. नोव्हेंबर १९४३च्या बॉम्बहल्ल्यात ती उद्ध्वस्त झाली आणि युद्धानंतर पुन्हा उभी राहिली. नाव मत्स्यालय असले तरी मासे फक्त तळमजल्यावर. पहिला मजला सरपटणाऱ्यांचा, वरचा किड्यांचा आणि बेडकांचा. सापांसाठी जाणाऱ्यांनी माशांत अडकू नये. आम्ही अडकलो. जेलीफिशसमोरून भाच्याला हलवण्यातच अर्धा तास गेला.

पहिल्या मजल्यावर पाय ठेवला आणि कॅमेऱ्याची काच पांढरी झाली. बाहेर शून्याखाली दोन, आत मगरींच्या दालनाची दमट ऊब. हे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून मी सांगतो: हिवाळ्यात जाणार असाल तर कॅमेरा पिशवीतच ठेवून आत वीस मिनिटे फिरा, मग बाहेर काढा. सारखी काच पुसून काही होत नाही. फ्लॅश बंद ठेवा, गडद रंगाचे कपडे घाला, नाहीतर प्रत्येक फोटोत सापापेक्षा तुमचेच जाकीट जास्त दिसेल. लेन्स काचेला अलगद टेकवली की प्रतिबिंब जवळपास जाते.

ज्याच्यासाठी गेलो होतो तो भेटला आफ्रिकेच्या गॅबून व्हायपरच्या पेटीत. म्हणजे पेटी दिसली, साप दिसेना. नुसती वाळकी पाने. बारा वर्षांचा अनुभव आणि मी तिथे येड्यासारखा उभा. भाचा म्हणाला, “मामा, ते पान श्वास घेतंय.” खरेच एक पान हलत होते, अगदी सावकाश, वरखाली. मग तिथून उलटा माग काढत गेलो तेव्हा मांडीएवढा जाड साप उलगडत गेला: पाठीवर फिकट आयतांची रांग, बाजूला तपकिरी-जांभळे त्रिकोण आणि पानासारखेच मोठे चपटे डोके. जगातल्या सगळ्या सापांत सर्वांत लांब विषदंत याचे, पाच सेंटीमीटरपर्यंत. आपल्या घोणसाचे साधारण दीड. अंगाने मात्र तो घोणसाचाच थोरला भाऊ वाटतो, तसाच आळशी, तसाच जागचा न हलणारा. फरक एकच जाणवला. घोणस म्हटले की माझ्या कानात आधी ती कुकरसारखी शिट्टी वाजते. इथे काचेमागून काहीच नाही, फक्त पंपाची घरघर. त्या पेटीसमोर आम्ही पस्तीस मिनिटे होतो. एवढ्या वेळात सापाने एकदाच जीभ बाहेर काढली.

हिरवा मांबा हाही आफ्रिकेतलाच विषारी साप, पण त्याची गंमत निराळी. तो थेट दिव्याखालीच वेटोळे घालून बसलेला. वरच्या दिव्याची जाळी बघितली आणि स्टॉकहोमची गोष्ट आठवली. ऑक्टोबर २०२२मध्ये स्कान्सन मत्स्यालयातला नागराज (किंग कोब्रा) असाच दिव्यापाशी वर चढून फटीतून निसटला. आधीचे दिवे तापायचे, म्हणून तो तिकडे फिरकत नसे. वीज वाचवणारे थंड दिवे लावले आणि वाट मोकळी झाली. एक्स-रे लावून तो भिंतीतल्या पोकळीत असल्याचे कळले. आठवडाभराने तो आपणहून पेटीत परत आला, आणि बेड्या-पेट्यांतून सुटून दाखवणाऱ्या जादूगारावरून नाव पडले हुडिनी. हा किस्सा ऐकल्यापासून भाचा प्रत्येक पेटीत आधी दिवा तपासू लागला.

दुसऱ्या दिवशी टियरपार्क, बर्लिनच्या पूर्व भागात. आलेक्झांडरप्लाट्झवरून यू-५ ही मेट्रो धरा, ‘टियरपार्क’ याच नावाच्या स्टेशनवर उतरा. दोन्ही ठिकाणांना बर्लिनच्या बस-रेल्वेचे एबी झोनचे (भाडे-विभागाचे) तिकीट चालते. हे प्राणिसंग्रहालय १९५५चे, पूर्व जर्मनीच्या काळातले, तब्बल १६० हेक्टरांचे. थंडीत त्या एवढ्या पसाऱ्यात चालणे म्हणजे चांगली पायपीट, तेव्हा बूट नीट हवेत. आतल्या ‘श्लांगनफार्म’, म्हणजे सर्पशाळेकडे फाटकापासून थेट जा, हत्ती-बित्ती नंतर. मोठे झू बांधतात तसा दिखावा इथे नाही. ओळीने पेट्या, पेट्यांत विषारी साप, बस. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी मत्स्यालय सांगेन. सापांचे वेड असेल तर टियरपार्क. वेळ मात्र निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच जा. डागडुजीसाठी अशी जुनी दालने मध्येच बंद असतात.

कोणत्या झूमध्ये कोणता साप आहे हे बघायला ‘त्सोटीअरलिस्टे’ हे जर्मन संकेतस्थळ आहे. त्यात प्राणी शोधला की तो युरोपात कुठे कुठे आहे ते कळते. आपले साप शोधायचे तर जर्मन नावे पाठ असावीत, आणि ती मजेशीर आहेत. नाग म्हणजे ‘ब्रिलनश्लांगे’, चष्म्याचा साप. आपण ज्याला फण्यावरचा दहाचा आकडा म्हणतो त्यात त्यांना चष्मा दिसतो. घोणस म्हणजे ‘केटनवीपर’, साखळीचा साप. फुरसे ‘झांडरासेलऑटर’, वाळूत खुळखुळणारे. खवले घासून ते जो करकर आवाज काढते तो नावातच आला. यू-बान मेट्रोमध्ये भाच्याने मला ही नावे म्हणायला लावली आणि माझ्या उच्चारांवर शेजारची आजीबाई हसली.

युरोपात विषारी साप नाहीत असे आपल्याकडे अनेकांना वाटते. तसे नाही. पाठीवर नागमोडी पट्टा असलेला क्रॉइट्सऑटर थेट आर्क्टिक वर्तुळापलीकडेही सापडतो. फेब्रुवारीत मात्र तो जमिनीखाली झोपलेला, त्यामुळे जंगलात शोधायला जाऊ नका.

पेटीच्या काचेवर टकटक करू नका हे सांगायला नको, पण आमच्यासमोरच एकाने केली. सापाला बाहेरचे कान नाहीत, कंपने मात्र सगळी कळतात. आणि सर्पमित्रांनो, एक किस्सा तुमच्यासाठी. १८५२च्या ऑक्टोबरात लंडन झूचा रक्षक एडवर्ड गर्लिंग जिन पिऊन कामावर आला आणि नाग हाताळत बसला. नाग नाकावर चावला, काही तासांच्या आत गर्लिंग गेला. तेव्हा प्रतिविष नव्हते, हे खरे. आज आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, नागराजावर नाही. व्हिडिओसाठी नागराजाला कुरवाळणाऱ्यांपर्यंत हे पोचवा.

निघताना भाच्याने विचारले, “मामा, यांतला तुझ्याकडे कोणता आहे?” म्हटले, “माझ्याकडे एकही नाही. शेजाऱ्यांकडे आहेत.” मे महिन्याच्या सुट्टीत तो साताऱ्याला येणार आहे. येताना टॉर्च आणायला सांगितलंय.