वाटी तू ढकलायचीस का?

लग्नात विचारतात, बारशात विचारतात, आता व्हॉट्सॲपवर पण विचारतात. पद्धत ठरलेली, आधी थोडं हसायचं, मग आवाज खाली आणायचा आणि, "अगं तुमच्याकडे ते प्लँचेट चालायचं ना, खरं सांग, वाटी तूच ढकलायचीस ना?" दुसरी जमात आहे ती हसत नाही. ती म्हणते, "एकदाच बसशील का गं, हे गेल्यापासून लॉकरची किल्ली सापडत नाहीये." पहिल्यांना मी सांगते, हो, मीच ढकलायचे. दुसऱ्यांना सांगते, आता बंद केलंय ते. दोन्ही वेळा घरी येऊन चिडचिड होते, म्हणून एकदा लिहूनच टाकते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

प्लँचेट म्हणजे उपड्या वाटीवर बोटं ठेवून आत्मा बोलवायचा आणि वाटी ज्या अक्षरावर जाईल ते त्याचं उत्तर धरायचं, कसं करतात ते तुम्हाला माहितीय, त्यात वेळ घालवत नाही. आमच्याकडे कॅरम बोर्ड होता एवढंच वेगळं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर क ते ज्ञ लिहून चौकोन कापलेले, भाताच्या खळीनं गोलात चिकटवलेले, उजव्या भोकापाशी "हो", डाव्या भोकापाशी "नाही", मधे बोरिक पावडर आणि त्यावर उपडी स्टीलची वाटी, जिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी आईचं माहेरचं नाव कोरलेलं होतं. उदबत्ती, खिडकीची फट, "आलात का?" वगैरे. आम्ही पोरं टिळकांना बोलवायचो, कारण टिळक गणितात हुशार, दहावीला कुठला प्रमेय येणार ते सांगतील. एकदाही बरोबर आला नाही. वाटी माझ्या बोटाखाली जास्त पळते असं मावसभावानं जाहीर केलं आणि मी पण मिरवलं ते, खोटं कशाला बोलू. पैसे मात्र कधी कुणाकडून घेतले नाहीत, हे आपलं लिहून ठेवते.

हे सगळं खेळ होतं ते १९८४ च्या जुलैपर्यंत. बाबा स्टँडवर एसटीची वाट बघताना गेले, हार्ट. सकाळी आईशी भांडण झालेलं, कशावरून ते आता आठवत पण नाही, गॅसच्या नंबरावरून बहुतेक, आणि डबा न घेता ते निघाले. डबा ओट्यावरच राहिला, मेथीची भाजी, तीन पोळ्या. मी कॉलेजला निघताना बघितला तो तिथे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दहाव्याला सांगलीला कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना. पाऊस होता, पाण्याला फुगवटा होता, कावळे झाडात बसलेले दिसत होते पण एक खाली येईना. लोक एकेक कबूल करत होते, मुलीचं शिक्षण पुरं करू, घराचे हप्ते भरू, धाकट्याला बघू. काका हात जोडून ओरडून सांगत होते कावळ्यांना. दीड तास. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. शास्त्रात सोय आहे त्याची, चुकीचं काही नाही. पण आई घरी होती आणि कुणीतरी येऊन तिला सांगितलंच, "इच्छा राहिलीय हो काहीतरी." त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही. आई महिनोन्‌महिने विचारायची, काय राहिलं असेल? आणि विचारताना ओट्याकडे बघायची.

त्या वर्षी दिवाळी नव्हतीच. मावशी राहायला आली होती, तिनंच म्हटलं बोर्ड काढ. मी सतरा वर्षांची, नको म्हणायला हवं होतं. बोटं ठेवली मी, मावशीनं, मावसभावानं. आई समोर भिंतीला टेकून बसलेली, तिनं बोट ठेवलं नाही. बराच वेळ काहीच नाही, मग वाटी हलली, पावडरवर ती घासल्याचा आवाज येतो ना, सुर्रर्र असा, तो मला आजही भांडी घासताना मधूनच ऐकू येतो. आई म्हणाली, "अहो, काय राहिलं तुमचं?" वाटी म वर गेली. मग थ वर. मग मधे येऊन थांबली, पुढे काही नाही.

आई म्हणाली, "मेथी." आणि रडायला लागली, घाटावरून सगळे परत आले तेव्हा पण अशी रडली नव्हती.

आता बघा, बोर्डावर काना-मात्रा नव्हत्या. नुसती व्यंजनं. म आणि थ म्हणजे माथा होतो, मथ होतो, मिथ्या पण होईल ओढूनताणून. वाटीनं दोन अक्षरं दिली, बाकी सगळं आईनं दिलं. हे मला त्या रात्री कळलं नाही, पार नऊ वर्षांनी कळलं. मग तिनं विचारलं, "राग आहे का माझा?" आणि वाटी सरळ डाव्या भोकापाशी गेली. नाही. इतक्या जोरात गेली की मावशीचं बोट सुटलं.

आई त्यानंतर जेवायला लागली. सर्वपित्रीला पानावर मेथीची भाजी ठेवायला लागली, दर वर्षी. बोर्ड माळ्यावर गेला.

१९९३ मध्ये मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका शिबिराला गेले. तिथे फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. १८५३ साली इंग्लंडात टेबल फिरवायची साथ आली होती, लोक टेबलाला हात लावून बसायचे आणि टेबल फिरायचं, आत्मे फिरवतात म्हणून. फॅरेडेनं हात आणि टेबल यांच्यामधे मऊ चिकट लावलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. टेबल फिरल्यावर बघितलं तर वरचे थर जास्त सरकलेले, म्हणजे आधी हात सरकला, मग टेबल. आणि माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच वाटत होतं आपण फक्त हात ठेवलाय. मग त्यानं एक काटा बसवला, हातानं जरा बाजूला रेटलं की दिसेल असा. काटा डोळ्यासमोर ठेवला की टेबल फिरायचंच बंद. शिबिरात आमचे डोळे बांधून, बोर्ड गुपचूप फिरवून वाटी चालवायला दिली. माझ्या बोटाखाली आली ती अक्षरं ठ, ळ, ङ. झालं, मला वाटलं जग उलगडलं.

आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं. सव्वीस वर्षांची होते, नवी नवी नोकरी, सगळ्यांना सगळं सांगायची घाई. स्वयंपाकघरात उभं राहून फॅरेडे, पुठ्ठे, काटा, मात्रा नव्हत्या ते, डबा मी बघितला होता ते, सगळं सांगितलं. ती दूध तापवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा पण बोलली नाही, मग म्हणाली, "मग राग नाही म्हणाले, ते पण तूच?"

मी गप्प. दूध वर आलं, तिनं गॅस बंद केला, साय धरू नये म्हणून पळी फिरवत राहिली.

त्या वर्षी पानावर मेथी नव्हती. पुढच्या वर्षी पण नाही. तिसऱ्या वर्षी होती. का ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शिबिरातलं काही खोटं नव्हतं, आजही तोच प्रयोग मी शेजारच्या पोरांना करून दाखवते. पण त्या सव्वीस वर्षांच्या मला धरून विचारावंसं वाटतं, बाई, एवढी घाई कसली होती? ती म्हणेल, खरं सांगायला मुहूर्त लागतो का? तिला उत्तर नाहीये माझ्याकडे.

आमच्या शेजारचे मास्तर थिऑसॉफीवाले होते. हा आत्मा-परलोकाचा पंथ काढणाऱ्यांपैकी मॅडम ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत आल्या तेव्हापासूनचं सगळं तोंडपाठ. ते आईला समजवायचे की बैठकीत आत्मा येतच नाही मुळी, आत्मा कधीच पुढे गेलेला असतो, येतं ते कामरूप, म्हणजे वासनेचं टाकून दिलेलं कवच, सापाच्या कातीसारखं. आई म्हणाली, "मास्तर, कात कधी मेथी मागते का?" मास्तर चहा पिऊन गेले.

आता खरं उत्तर. ढकलली का? बोट माझं होतं. पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाहीये. त्या दिवाळीत मला आईचा राग होता, चांगलाच. तिनं त्या सकाळी तोंड बंद ठेवलं असतं तर ते डबा घेऊन गेले असते, शांतपणे गेले असते, कदाचित गेलेच नसते, असं सतरा वर्षांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. तिनं "राग आहे का माझा" विचारलं तेव्हा माझ्या मनात "हो" होतं. उजवं भोक. वाटी डावीकडे गेली. म्हणजे एकतर मावशीनं ढकलली, ती नाही म्हणते, किंवा माझ्या बोटाला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती, किंवा तिसरं, जे मी लिहिणार नाही कारण लगेच तुमचे फोन येतील किल्लीसाठी.

आत्म्यांची हाक ऐकू येते म्हणून अख्ख्या अमेरिकेत गाजलेल्या फॉक्स बहिणी होत्या, १८४८ पासून. त्यातल्या मॅगीनं चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, न्यूयॉर्कला भर स्टेजवर कबूल केलं की ते ठकठक आवाज आम्ही पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढायचो, वाजवून पण दाखवले. आणि पुढच्याच वर्षी म्हणाली, माझी कबुलीच खोटी होती. लोक म्हणतात पैशासाठी. असेल. मला तिची दया येते, कारण कबुली देऊनही लोक विचारायचं थांबत नाहीत.

आई २०११ मध्ये गेली. घाट तोच. भावानं मला न विचारता पिंडाशेजारी मेथीची भाजी ठेवली. कावळा लगेच आला, आम्ही नीट मागे सरलो पण नव्हतो. मेथीकडे त्यानं बघितलं पण नाही, वडा चोचीत धरला आणि उडाला.

वाटी माझ्याकडे आहे. कोशिंबिरीला वापरते.