घुबड मान वळवतं आणि गप्प होतं

व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरवर ४.९८ व्होल्ट. तीन शनिवार-रविवार मी त्या आकड्यावर विसंबून राहिलो. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहून काढतोय.

भाचीला बोलकं घुबड हवं होतं. समोर कुणी आलं की त्यानं मान वळवायची, पंख फडफडवायचे आणि घूत्कार करायचा. सामान नेहमीचंच: सगळं चालवणारा छोटा संगणक-बोर्ड आर्डुइनो उनो, आवाजासाठी कार्डावरच्या फाइली वाजवणारं डीएफप्लेअर मिनी मॉड्यूल आणि छोटा स्पीकर, मानेला एसजी९० सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर), पंखांना साधी डीसी मोटर, माणसाची चाहूल घ्यायला पीआयआर सेन्सर. एकेक भाग सुटा जोडून पाहिला, एका संध्याकाळी सगळे चालले.

मग सगळे एकत्र जोडले आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. मान वळायची, पंखांची मोटर सुरू व्हायची, स्पीकरमधून नुसतं 'घू' यायचं आणि आवाज बंद. कधी सगळं पुन्हा पहिल्यापासून. कधी खोलीत चिटपाखरू नसताना घुबड आपसूक मान वळवायचं, आणि त्या वळण्यानं बिथरून पुन्हा वळवायचं.

मी आधी प्रोग्रॅमवर घसरलो. तो दोनदा नव्यानं लिहिला, लायब्ररी बदलली, प्रोग्रॅम थांबवून ठेवणारे सगळे डिले काढून घड्याळ पाहून चालणाऱ्या मिलिसवर आणले. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी सेटअपमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागात, एकच ओळ टाकली: 'जागा झालो'. बोर्ड रीसेट झाला की ही ओळ लॅपटॉपवरच्या सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे निरोप दाखवणाऱ्या खिडकीत) पुन्हा उमटणार. हे पहिल्या तासात करायला हवं होतं, मी दुसऱ्या आठवड्यात केलं.

आणि त्या ओळीनंच मला आणखी चकवलं. दहा वेळा घुबड चालवलं, तर ओळ तीनदाच उमटली. उरलेल्या सात वेळा बोर्ड शाबूत होता, तरी आवाज गेला होता. मी म्हटलं, वीज कमी पडत असती तर बोर्डही मेला असता. म्हणजे दोष आवाजाच्या मॉड्यूलमध्ये. दुसरं मॉड्यूल आणलं, तेही तसंच गप्प. मीटर लावून बसलो: ४.९८. मोटर सुरू झाली की क्षणभर ४.८ दिसायचं आणि परत ४.९८. वीज निर्दोष, असा निकाल देऊन मी मोकळा.

साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो, हे मला माहीत होतं. माहीत असूनही सुचलं नाही, याचीच चीड जास्त. मोटर थांबलेली असते तेव्हा फिरण्यानं तयार होणारा उलटा व्होल्टेज तिच्यात नसतो. प्रवाहाला अडवायला फक्त गुंडाळीचा रोध. त्यामुळे सुरू होताना ती चालत्या वेळेच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, पण काही मिलिसेकंदच. त्याच वेळी सर्वोही मान वळवत असतो आणि मान कुठे अडकली तर एकटा एसजी९० अर्ध्या अँपिअरच्या वर जातो. मी हे सगळं उनोच्या ५ व्होल्टच्या पिनमधून, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीतून घेत होतो. त्या वाटेवर बोर्डाचा फ्यूजच ५०० मिलिअँपिअरचा आहे. वर ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग खोचायची भोकांची पाटी) आणि केसासारख्या जंपर वायरी. मिलिसेकंदभर विजेचा खड्डा पडून भरूनही जायचा, आणि मीटर आपला सरासरी काढून ४.९८ सांगायचा.

असे क्षणिक खड्डे दाखवणारा ऑसिलोस्कोप माझ्याकडे नाही. मग बोर्डालाच साक्षीला बोलावलं. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो. त्याच्याशी तुलना करून चिप स्वतःचाच पुरवठा मोजू शकते. एका मोजणीला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. (तो संदर्भ प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणून एकदा स्थिर व्होल्टेजवर मीटरशी ताडून घ्यावा. एवढ्यापुरता मीटर कामाला आला.) सतत मोजायचं आणि सर्वांत कमी आकडा तेवढा लक्षात ठेवून छापायचा, एवढाच प्रोग्रॅम. मोटर सुरू केली. स्क्रीनवर आलं: ३.०४.

मी खुर्चीवरून उठून खोलीत एक चक्कर मारली. आता सात आणि तीनचं कोडंही सुटलं. डीएफप्लेअरला किमान ३.२ व्होल्ट लागतात. उनोवर चिप रीसेट होण्याची मर्यादा २.७ च्या आसपास ठेवलेली असते. खड्डा ३ पर्यंत गेला की मॉड्यूल मरतं आणि बोर्ड तग धरतो. आणखी खोल गेला की दोघंही. माझ्याकडच्या पीआयआर सेन्सरला तर ४.५ च्या खाली चालतच नाही, म्हणून ते भुताटकीचं मान वळवणं. उनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड असता तर 'ब्राउनआउट' (वीज कमी पडली) म्हणून सीरियलवर स्वतःच बोंबलला असता. उनो बिचारा निमूट.

निदान झालं, पण उपायात पुन्हा माती खाल्ली. घरात चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी होती, ती लावली. घुबडानं दोनदा मान वळवली आणि बॅटरीनं मान टाकली. त्या बॅटरीचा अंतर्गत रोधच इतका की मोटरच्या वाट्याला काही उरत नाही. ती धूर ओळखणाऱ्या यंत्रांसारख्या मिणमिणत्या कामाला ठीक, मोटरला कधीही नाही.

मग ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर मोटर आणि सर्वोसाठी वेगळा घेतला, आणि त्याची ऋण बाजू बोर्डाच्या ग्राउंडला जोडायला विसरलो. सर्वो अंगात आल्यासारखा थरथरू लागला. ग्राउंड एक नसेल तर सर्वोनं सिग्नल कशाच्या तुलनेत वाचायचा? ती एक वायर जोडली, शांत झाला. मोटरजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला. (पट्टी असते ती ऋण बाजू. उलटा लावला तर फुगतो, फुटतोही.) पुन्हा मोजलं: सर्वांत कमी आकडा ४.७. घुबडानं पहिल्यांदा घूत्कार पूर्ण केला आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

आवाजात मात्र घरघर उरली, पंख हलताना तेवढीच. मोटरचा प्रवाह परतताना ब्रेडबोर्डवरच्या ज्या ग्राउंडच्या पट्टीतून जात होता, तिथूनच डीएफप्लेअरचं ग्राउंडही घेतलं होतं. मोटर आणि आवाज यांच्या ऋण वायरी वेगवेगळ्या नेऊन थेट अ‍ॅडाप्टरच्या टोकाशी एकत्र केल्या, मोटरच्या दोन टोकांवर १०४ चा छोटा सिरॅमिक कपॅसिटर डागला. नव्वद टक्के घरघर गेली. उरलेली 'चिईई' स्पीकरमधून येतच नव्हती! स्पीकरची वायर उपटली तरी ती चालूच. मोटरचा वेग ठरवायला वीज भराभर चालू-बंद करणारा उनोचा पीडब्ल्यूएम बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झचा असतो आणि मोटरची गुंडाळी तोच सूर लावते. पिन ३ चा टायमर बदलून ३१ किलोहर्ट्झवर नेला. मोटर अजून किंचाळत असेलही, माझ्या कानांपलीकडे.

बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणाऱ्या मॉसफेटबद्दल: आयआरएफ५४० वापरू नका, ५ व्होल्टच्या गेटवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. आयआरएलझेड४४एन घ्या. मोटरवर उलटा डायोड हवाच.

एक भानगड विजेची नव्हतीच. आवाज सुरू करण्याचा हुकूम डीएफप्लेअरला पाठवताना मान झटका खायची. हा हुकूम पाठवणारी सॉफ्टवेअरसीरियल लायब्ररी ९६०० च्या वेगानं एक बाइट पाठवताना साधारण मिलिसेकंदभर इंटरप्ट (चिपला मधेच दुसऱ्या कामाकडे वळवणारे इशारे) बंद ठेवते, आणि सर्वोला कोन सांगणारा पल्स असतो एक ते दोन मिलिसेकंदांचा. साहजिकच तो चुकतो. मी हुकुमाआधी प्रोग्रॅममध्ये सर्वो डिटॅच करतो (त्याचा सिग्नल बंद), नंतर पुन्हा अटॅच. आर्डुइनोच्याच मेगा बोर्डावर जास्तीचे हार्डवेअर सीरियल आहेत, तिथे ही कटकटच नाही.

आधीच सांगायला हवं होतं: लांब ब्रेडबोर्डच्या लाल-निळ्या पट्ट्या काही वेळा मधोमध तुटलेल्या असतात. छापील रेघ खंडित दिसली तर तिथे वायरनं सांधा. डीएफप्लेअरच्या आरएक्स (हुकूम घेणाऱ्या) पिनला १ किलोओहमचा रोध द्या, आणि स्पीकरची कुठलीही वायर ग्राउंडला लावू नका, तिथे दोन्ही टोकं जिवंत असतात.

डीएफप्लेअरचं मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. क्रमांकानं फाइल वाजवायची तर नाव काहीही असो, मॉड्यूल पाहतं कार्डावर कॉपी केल्याचा क्रम. माझी दुसरीच फाइल आधी कॉपी झाली होती, त्यामुळे भाचीसमोर घुबडानं रुबाबात मान वळवली, पंख उघडले आणि माझ्याच आवाजात म्हणालं, "हॅलो, माइक चेक."