यानाचा कॉरिडॉर: छताचे दिवे लागले

मंडळी, माझ्या अंतराळयानाच्या मॉडेलवर छत बसलं आणि आतला कॉरिडॉर पहिल्यांदा यानासारखा दिसला! स्केल १:१२, आतली उंची १७.५ सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या मापात २.१ मीटर. छत मुद्दाम खाली घेतलंय. ‘एलियन’ चित्रपटातल्या (१९७९) नोस्ट्रोमो यानाच्या सेटला छत होतं आणि तेही बुटकं, त्यामुळे वरून मोठे दिवे सोडायला जागाच नव्हती. बराचसा उजेड पॅनेलमधून, भिंतींतून येतो. त्या यानात जीव कोंडतो तो निम्मा यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून भिंती कापायच्या आधी दिव्यांच्या जागा ठरवल्या. एलईडी पट्टी १२ व्होल्टची, मीटरला ६० दिवे. दोन दिव्यांत साधारण १७ मिलिमीटर अंतर, तेव्हा उजेड पसरवणारं दुधी ॲक्रेलिकही पट्टीपासून किमान तेवढं लांब हवं. त्याहून जवळ घेतलं की एकेक दिवा ठिपक्यासारखा उठतो आणि गणपतीचं मखर दिसायला लागतं. मी २२ ठेवलंय. दिव्याची पेटी आतून पांढरी, बाहेरून आधी काळी आणि मग राखाडी. काळा हात चुकवू नका. भिंती सनबोर्डाच्या, म्हणजे हलक्या फोमच्या शीटच्या; त्यातून उजेड झिरपतो, आणि भिंत झिरपली की पोलादाचा भास तिथंच संपतो.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड निळसर. छताला ६५०० केल्विन, फरशीच्या जाळीखाली ३०००. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते) मधे, ४५०० च्या आसपास. वरचा उजेड निळसर आणि खालचा तांबूस येतो, रंगीत जिलेटिन लागतच नाही.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाची (१९६८) वाट अगदी वेगळी. त्यातल्या यानाचा एक सेट म्हणजे व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने बांधलेलं फिरतं चाक, ३८ फूट व्यासाचं. चाक फिरणार, जवळजवळ सगळा परीघ कॅमेऱ्यात येणार, मग दिवे लपवायचे कुठे? ते सेटमध्येच बसवले. तिथला स्वच्छ पांढरेपणा मला फार आवडतो, पण लहान मॉडेलमध्ये तो निर्दयी ठरतो, प्रत्येक सांधा उघडा पाडतो.

माझ्या भिंतीवरचा पसारा सगळा कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या कारखान्यांतला: गॅस्केटच्या कातरणी, कार्बोरेटरचे जेट, जुन्या रिलेची खोकी. ‘एलियन’चे कला दिग्दर्शक रॉजर ख्रिश्चन यांनी विमानांच्या भंगारातून सेट भरला होता; आपल्याला निदान भंगाराची ददात नाही. सगळ्यावर एकच राखाडी रंग मारला. उजेड भिंतीला घासून खाली आला की २ मिलिमीटरचा उठावसुद्धा लांब सावली टाकतो. नक्षी ती सावलीच करते, रंगाने करायला गेलं की खेळणं होतं.

आणि कोल्हापुरात बसून हे लिहिताना चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांचं नाव घ्यायलाच हवं. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी उभे, घन सेट आणि ‘सिंहगड’साठी (१९२३) कृत्रिम प्रकाश, हे दोन्ही त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत, याच गावात केलं. भिंतीला खोली आली की दिव्याला काम मिळतं, हे इथं शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

फोटो एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, लांब एक्स्पोजर देऊन काढतोय. त्याशिवाय पुढून मागपर्यंत सगळं स्पष्ट येत नाही आणि धूसर झालं की मॉडेल लहान दिसतं. यानाच्या बाहेरचं काम नंतर. तिथे हवा नाही, उजेड विखुरत नाही, म्हणून एकच कडक दिवा.

आता सरकता दरवाजा घेतोय. त्याच्या चौकटीत दुधी ॲक्रेलिक मावत नाही. कुणी ट्रेसिंग पेपर लावला असेल, तर तो एलईडीपुढे किती दिवसांत पिवळा पडतो ते कळवा.