फुजैराच्या खोल पाण्यात नांगर उतरवताना

फुजैरा हे संयुक्त अरब अमिरातीतलं बंदर. तिथल्या अँकरेजवर, म्हणजे जहाजं नांगर टाकून थांबतात त्या भागात, आमच्या जहाजाला मिळालेल्या जागी खोली 75 मीटर होती. उथळ चिखलात नांगर ब्रेक मोकळा करून त्याच्याच वजनाने सोडून देतात, ते इथे चालत नाही. आठ टनांचा नांगर आणि त्याच्यामागची साखळी एकदा भरधाव सुटली, की ब्रेकचं लायनिंग जळतं, पकड जाते आणि साखळी साठवायच्या लॉकरमध्ये अडकवलेलं तिचं शेवटचं टोकही उखडून बाहेर येतं. त्याच्या वाटेत सापडलेला माणूस वाचत नाही. म्हणून खोल पाण्यात नांगर विंडलासच्या, म्हणजे साखळी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्राच्या, गिअरमध्ये ठेवून मोटरवरच उतरवायचा.

फोक्सलची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकची, जबाबदारी पहिल्यांदाच माझ्याकडे होती. आमचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे प्रमुख, दापोलीचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. हेल्मेट, गॉगल सगळ्यांनी घातलेत ना ते पाहिलं आणि विंडलासच्या पुढे कुणी थांबायचं नाही हे ठरलं. खाली एखादी छोटी बोट नाही ना, तेही वाकून बघून घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ मोटर आणि साखळीचं चाक जोडणाऱ्या क्लचला दिला, आणि तो द्यायलाच हवा. दात अर्धवट बसले तर वजन येताच क्लच निसटू शकतो. सारंगांनी मोटर इंच-इंच फिरवली, दात पूर्ण बसले, लॉकिंग पिन गेली. मी ब्रेक सोडायला सांगणार, तोच ते म्हणाले, "साहेब, पिन तुम्ही स्वतः बघा, मगच ब्रेकला हात लावतो." जवळ जाऊन पाहिली, हाताने हलवूनही पाहिली. मग साखळी बांधून ठेवणारं लॅशिंग काढलं, ब्रेक मोकळा केला, साखळी अडवणाऱ्या स्टॉपरचा बार उचलला.

मोटर मिनिटाला साधारण 9 मीटर साखळी सोडते. साखळीची लांबी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल 27.5 मीटरचं. आम्हाला आठ हवी होती, म्हणजे 220 मीटर. दोन शॅकलांमधले जोड लाल रंगवलेले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या कड्या पांढऱ्या, त्यावरून मोजत होतो. दर शॅकलला ब्रिजला, म्हणजे कॅप्टन जिथून जहाज चालवतात तिथे, कळवायचं: साखळी किती बाहेर, तिची दिशा घड्याळाच्या तबकडीप्रमाणे किती वाजता, ताण किती. जहाज मागे सरकायचा वेग अर्ध्या नॉटच्या (ताशी साधारण एक किलोमीटरच्या) आत असला पाहिजे, नाहीतर सगळा भार गिअरवर येतो. एकदा साखळी ताठ झाली, मी लगेच थांबवलं आणि कॅप्टननी इंजिन वापरून वेग कमी केला.

आठवं शॅकल डेकवर आल्यावर आधी ब्रेक घट्ट, मग स्टॉपर, आणि शेवटी क्लच बाहेर. भार गिअरवर ठेवून सोडायचा नाही. साखळी ताणली, पुन्हा सैल पडली, म्हणजे नांगराने धरलं. जहाज नांगरावर असल्याची खूण म्हणून काळा गोळा वर चढवला.

उचलतानाही हाच नियम. विंडलास साखळी ओढण्यासाठी आहे, जहाज ओढण्यासाठी नाही. ताण आला की थांबून इंजिन मागायचं. जबरदस्तीने ओढत राहिल्यामुळे हायड्रॉलिक मोटर फुटून माणसं जखमी झाल्याच्या घटना आहेत. आणि साखळीच्या लॉकरमध्ये हवा तपासल्याशिवाय, परमिटशिवाय उतरायचं नाही, कारण गंज आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो.