भाऊजी, यात पाप नाही ना?

स्टेम सेलचे उपचार धर्मात बसतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे इंदूरच्या रामबागेत सकाळी फिरायला निघालो की कुणीतरी अडवतंच: "सर, ते स्टेम सेलचं आपल्या धर्मात चालतं का हो?"

धर्म म्हणजे कुठलं पुस्तक उघडता त्यावर आहे. चरक म्हणतो शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव एकत्र आले की गर्भ, म्हणजे जीव अगदी सुरुवातीपासून. गर्भोपनिषदात तो सातव्या महिन्यात येतो. काढा आता मुहूर्त! हे सगळं आपल्याकडे आधीच होतं म्हणत कुणी गांधारीचे शंभर घडे काढले की मी सरळ चालू लागतो.

अमेरिकेत हे भांडण सरकारी तिजोरीपर्यंत गेलं. १९९८ साली विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसननी मानवी भ्रूणातून या पेशी वेगळ्या केल्या. त्यात भ्रूण नष्ट होतो, म्हणून कॅथलिक चर्च विरोधात उभं राहिलं. ९ ऑगस्ट २००१ला राष्ट्राध्यक्ष बुशनी जाहीर केलं की आजवर तयार झालेल्या पेशींवरच सरकारी पैसा मिळेल. त्या पेशींच्या यादीत मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बेंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्रही होतं. आपल्याकडे त्यावरून मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. तेव्हा याचा अभिमान वाटायचा.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी एका दवाखान्याचं गुळगुळीत पत्रक घेऊन आल्या. नातवाला ऑटिझम आहे. "पेशी त्याच्याच कमरेच्या हाडातून काढणार, भ्रूणबिण काही नाही," असं त्यांना फोनवर सांगितलं होतं. पत्रकामागे पेन्सिलीनं हिशेब: एफडी, भिशी, बांगड्या. "भाऊजी, यात पाप नाही ना?"

पाप कसलं, म्हणालो. त्यांनी लगेच बांगड्यांपुढे बरोबरची खूण केली.

चूक माझीच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, स्टेम सेलवरच्या २००७च्या नियमावलीच्या नावात 'संशोधन आणि उपचार' होतं. २०१३मध्ये त्यातला 'उपचार' मुद्दाम गाळला. रक्ताच्या काही आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगैरे सोडलं तर बाकी सगळे अजून प्रयोगच, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. हे आधी सांगायचं सोडून मी पापपुण्याचा निवाडा देत बसलो.

मग त्याच पत्रकावर एक ओळ लिहून दिली: 'क्लिनिकल ट्रायलचा नोंदणी क्रमांक द्या.' वहिनींनी फोन केला. "कळवतो" म्हणाले. तीन आठवडे झाले. काल त्या अंगणात दिसल्या, बांगड्या हातातच होत्या.