जानेवारीतली उष्णता

गेल्या जानेवारीत इंदूरला अशी थंडी पडली होती की रामबागेतल्या आमच्या घरात सकाळी फरशीवर पाय टेकवत नसे. मी मात्र रजई पायाशी लोटून, पंखा लावून झोपत होते आणि शेजारी यजमान कानटोपी घालून निमूट पडलेले असत. मी सत्तेचाळीस वर्षांची असल्याने सासूबाईंचे निदान तयारच होते: पाळी जायची वेळ आली, उष्णता वाढली, सब्जा घे.

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, तेव्हा शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र फार हळवे होते आणि तापमान किंचित वाढले तरी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून घाम फोडते. माझ्या मोठ्या जाऊबाईंना हेच होते; बोलता बोलता छाती, मान, चेहरा लाल होतो, त्या पदराने वारा घेतात आणि चार-पाच मिनिटांत सारे ओसरून उलट थंडी वाजते.

माझी उष्णता मात्र अशी येत-जात नव्हती, ती दिवसभर मुक्कामालाच होती. भूक चांगली असूनही ब्लाउज सैल झाले होते, छातीत धडधडत होते, आणि हे सगळे मी वयाच्या खाती टाकून मोकळी झाले होते.

डॉक्टरांनी मला हात पुढे करायला लावून बोटांवर एक कोरा कागद ठेवला, तर तो थरथरू लागला. बसल्या जागी नाडी १०४ भरली. थायरॉइड मंद असल्यामुळे मी नऊ वर्षे थायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेत होते, परंतु गेल्या दोन वर्षांत रक्त तपासलेच नव्हते (आळस, दुसरे काय). थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक टीएसएच, शरीरात थायरॉक्सिन जादा झाले की घटते; माझे ते फारच खाली गेलेले निघाले, म्हणजे तो डोस मला जास्त होत होता. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी आणि स्तनाच्या कर्करोगानंतर देतात त्या टॅमॉक्सिफेननेही घाम येतो, त्यामुळे चालू औषधे त्यांनी एकेक करून विचारली. संध्याकाळी ताप, रात्री घाम आणि खोकला आहे का, हेही क्षयाच्या शंकेने विचारून घेतले.

गोळी ७५ वर आली, सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासले आणि थंडी सरता सरता दोन-तीन रात्री तरी रजई अंगावर राहिली. सब्जा मी अजूनही पिते. मे महिन्यात तो बरा लागतो.